आधी सोड, मग ओढ

१४ ऑक्टोबर

वंगण तेलवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कपाटावर धूळ खात पडली होती. आज हिने ती फडक्याने पुसली आणि माझ्यापुढे आपटली. "माणसांशी बोलत नाही तर निदान कागदाशी तरी बोला," म्हणाली. मी म्हटलं, दिवसभर प्रेस शॉपमध्ये ओरडून घसा बसतो, घरी आल्यावर कशाला बोलू? तर म्हणे, लिहायला घसा लागत नाही. हिच्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? तेव्हा लिहितो.

लिहिण्यासारखं आज घडलंही आहे. दुपारी मालकांनी सगळ्या मशीन बंद करायला लावून आम्हाला एकत्र बोलावलं. गेल्या वर्षभरात आमच्या शॉपमध्ये कुणाचं एक बोटही गेलं नाही. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या धंद्यात ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून यंदा हॉटेलातल्या जेवणाऐवजी सहल. शहराबाहेरच्या रानात मोठा ओढा आहे, त्यातून दिवसभर होड्या वल्हवत जायचं, घरच्यांना घेऊन. "हे सगळं आपल्या फोरमनमुळे," असं मालक म्हणाले तेव्हा मी खाली बघत होतो, पण कान वरच होते.

खरं तर हे सगळं एका शब्दामुळे आहे. शॉपमध्ये इतका दणका असतो की लांबलचक वाक्य कुणाच्या कानात शिरत नाही. "अरे बाबा, जरा सांभाळ, प्रेस खाली येतोय" एवढं म्हणेपर्यंत पंजाची चटणी होते. म्हणून माझ्या उस्तादाने एकच शब्द ठेवला होता: "हात!" तो कानावर पडला की दोन्ही पंजे उघडायचे आणि छातीशी ओढून घ्यायचे. कुणासाठी ओरडलं, का ओरडलं, हे विचारायचं नाही. मूठ मिटलेली असली तर पत्र्याबरोबर माणूसही आत जातो, म्हणून आधी सोड, मग ओढ. हातात सोन्याची वीट असली तरी सोडायची. उस्तादाला हे कळलं तेव्हा त्याची दोन बोटं गेलेली होती. मी मात्र हे पोरांच्या अंगात इतकं मुरवलंय की आता त्यांना विचार करावाच लागत नाही. आणि शब्द बोथट होऊ नये म्हणून शॉपमध्ये दुसऱ्या कशासाठीही तो वापरायला बंदी आहे. "जरा हात दे" असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. "जरा टेक" म्हणायचं.

आज पहिलाच दिवस आणि एवढं लिहून झालं. ही बघून हसतेय.

१९ ऑक्टोबर

लेक आणि जावई जेवायला आले होते. लेकीला पाचवा महिना आहे, त्यामुळे सहलीला ती येणार नाही. जावई येणार. तो आमच्याच शॉपमध्ये तीन नंबरच्या प्रेसवर आहे, म्हणजे शॉपमध्ये "अरे तीन नंबर" आणि घरी "या जावईबापू", असा माझा दिवसातून दोनदा अवतार बदलतो. माणूस कामाला चोख, पण बोलायला अगदी मिठाची गुळणी धरल्यासारखा. बोलेल त्याची बोरंही विकली जातात आणि न बोलेल त्याचे गहूही विकले जात नाहीत, असं मी त्याला कितीदा सांगितलं. तो नुसता हसतो. हिला मात्र तो पोटच्या पोरासारखा. चांगला तुकडा आधी त्याच्या ताटात.

आज एक गंमत झाली. लेक गरम कढई उचलायला गेली आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "हात!" लेकीने कढई उचललीच. पण समोर बसलेल्या जावयाच्या हातातून पाण्याचा जग सुटला आणि तो दोन्ही पंजे छातीशी घेऊन पुतळ्यासारखा बसला. सगळ्या टेबलावर पाणी. लेक हसून हसून बेजार झाली. मीही हसलो, मनातून खूषही झालो. याला म्हणतात तालीम.

ही मात्र हसली नाही. पाणी पुसता पुसता म्हणाली, "अहो, तो शब्द घरात नको. पोराचा चेहरा बघितला का कसा झाला ते?" मी म्हटलं, चेहरा गेला तरी चालेल, बोटं राहिली ना. तर म्हणाली, "घरात प्रेस नाहीये. घरात माणसं आहेत."

१ नोव्हेंबर

उद्या सहल. मला पोहता येत नाही. हिला येतं. हे मी शॉपमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. ही दोन दिवस शाळकरी पोरीसारखी हवेत आहे. नवे बूट आणलेत, पिवळ्या लेसचे. मी म्हटलं, बूट बघून मासे पळतील. "पळू दे, तुम्ही नका पळू म्हणजे झालं," म्हणाली. माझी भीती तिला न सांगताच कळली असणार. पंचवीस वर्षं शेजारी ताट मांडून जेवलेल्या माणसापासून काय लपतं?

७ नोव्हेंबर

ही गेली.

एवढंच लिहायला बसलो होतो. पण लिहितो, कारण बोलायला आता कोणी नाही.

रविवारी सकाळी ओढ्यावर पोहोचलो. दोन्ही बाजूंनी दाट झाडं, वरून फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खाली पाणी जवळजवळ काळं. आम्हाला नेणारी होडीवाली बाई तरुण होती, पण आवाज खणखणीत. लाइफ जॅकेटचे पट्टे तिने स्वतः प्रत्येकाचे ओढून बघितले. तिने एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: आडव्या झाडावर होडी आदळली तर घाबरून मागे रेलू नका, झाडाकडेच झुका, त्याला मिठी मारा. मागे रेललात की होडी पाणी घेते आणि प्रवाह तुम्हाला झाडाखाली ओढतो. खाली फांद्यांची जाळी असते, तिथे लाइफ जॅकेटही वर आणत नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी होडीवालीच्या होडीत बसलो. ही आणि जावई आमच्या पुढच्या होडीत. मला वल्हवता येत नव्हतं म्हणून ही सारखी मागे वळून चिडवत होती, "अहो, पाणी ढवळताय की चहा?" सगळी हसत होती. तिचं ते शेवटचं धड वाक्य.

जेवण झाल्यावर बाकीच्या होड्या मागे राहिल्या आणि एका वळणानंतर प्रवाह एकदम वाढला. आठवड्यापूर्वीच्या वाऱ्यात एक झाड आडवं पडलेलं होतं. होडीवालीने ओरडून सांगितलं, पण या दोघांची होडी आडवी होऊन खोडावर आदळलीच. सांगितल्याप्रमाणे जावयाने खोडाला मिठी मारली. ही मागे रेलली. कुणीही रेललं असतं. होडी भरली, उलटली, आणि ही पाण्यात.

जावई खोडावर पालथा पडला आणि त्याने तिची दोन्ही मनगटं धरली. तिची हनुवटी पाण्यावर होती. ती त्याच्याशी काहीतरी बोलतही होती. होडीवालीने आमची होडी काठाला लावली, मला "हलू नका" म्हणाली आणि दोर घेऊन खोडावरून सरकत त्यांच्याकडे निघाली. पाण्याचा एवढा आवाज की त्यापुढे आमचं शॉप परवडलं. तेवढ्यात मला दिसलं की हिचं एक मनगट निसटतंय. मी ओरडलो, हात! हात! आणि त्या माणसाने तिला सोडलं.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हात निसटला नाही. त्याने दोन्ही पंजे उघडले आणि मागे घेतले. दुसरं मनगट तर घट्ट होतं, तेही सोडलं. खाली जाण्याआधी तिने बघितलं ते माझ्याकडे. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. मी काही करीन अशी आशा असेल बिचारीला. होडीवाली हातभर अंतरावर पोहोचली होती.

वर काढायला संध्याकाळ झाली.

९ नोव्हेंबर

चौकशीचे साहेब घरी आले होते. जावयाला त्यांनी आधीच विचारलंय. त्याचं म्हणणं एकच: "सुटला." हात सुटला. मी साहेबांना म्हटलं, माझं आयुष्य माणसांच्या पंजांकडे बघण्यात गेलंय. सुटलेला हात कसा दिसतो आणि सोडलेला कसा, हे मला कळतं. तो सुटला नाही, त्याने सोडला. लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं.

का सोडला? घाबरला. स्वतः आत ओढला जाईल म्हणून जीव वाचवला. दुसरं काय? जिने त्याला पोटच्या पोरासारखं मानलं, तिला त्याने पाण्यात सोडलं. मला त्याचा गळा धरावासा वाटतो. लिहितो ते खरं लिहितो.

हिचा पिवळ्या लेसचा बूट कुणीतरी दाराजवळ वाळत ठेवलाय. एकच आहे. दुसरा मिळाला नाही.

१५ नोव्हेंबर

लेक आली होती. एकटी. मी तिला स्पष्ट सांगितलं, तू कधीही ये, हे घर तुझं आहे, पण तो या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

"बाबा, तो मुद्दाम सोडेल का आईला? तुम्हाला पटतं?"

"मी बघितलं."

"तो जेवत नाहीये. आई गेल्यापासून त्याच्या हातून वस्तू पडतात. कपबशी, किल्ल्या, काहीही. दचकतो आणि हात असे छातीशी घेऊन उभा राहतो. मी विचारते, काय झालं, तर काही नाही म्हणतो."

"मनात पाप असलं की हात कापतात," मी म्हणालो.

ती उठली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "मला निवड करायला लावू नका, बाबा. आई गेलीय माझी. उरलेल्यांतलं आणखी एक माणूस कमी करू नका." मी म्हटलं, निवड मी नाही, त्याने करायला लावली. ती गेली. चहा तसाच राहिला. जास्त बोललो का? असेन. पण खोटं काय बोललो?

१८ नोव्हेंबर

होडीवाली बाई दुसरा बूट घेऊन आली. पुढच्या वळणावर काठाला लागलेला मिळाला म्हणे. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेला बसली. तिचंही काम बंद आहे, चौकशी होईपर्यंत. डोळे खोल गेलेत पोरीचे.

जाता जाता म्हणाली, "काका, एक विचारू? तुम्ही त्या वेळी काय ओरडलात?"

मी म्हटलं, "काय ओरडणार? हात धर म्हणून ओरडलो."

"मला 'धर' ऐकू नाही आलं. ते अगदी बरोबर धरून होते, काका. मी इतकी वर्षं माणसं नेते, पण नवख्या माणसाने इतकं घट्ट धरलेलं मी बघितलं नाही. मी पोहोचलेच होते. मग तुम्ही ओरडलात आणि..."

"माझी बायको होती ती," मी म्हणालो. "मी ओरडू पण नको?"

ती बिचारी गडबडली. माफी मागून निघून गेली. लोकांना काय विचारावं याचं भान राहिलेलं नाही. बूट जोडीला ठेवला. आता दोन झाले तर जास्त वाईट दिसतात.

२५ नोव्हेंबर

कामावर रुजू झालो. घरात बसलं की भिंती अंगावर येतात. मालकांना सांगितलं होतं की तो माझ्या नजरेसमोर नको, म्हणून त्याला पॅकिंगला टाकलाय. तीन नंबरवर नवा माणूस घेतलाय, हात अजून कच्चे. पोरं जावयाशी बोलत नाहीत. जेवायच्या सुट्टीत तो पाण्याच्या टाकीमागे डबा घेऊन बसतो. मी कुणाला काही शिकवलेलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

घरी आल्यावर सवयीने दोन कप चहा टाकला.

१ डिसेंबर

लेकीचा निरोप आला. तो नोकरी सोडतोय. दुसऱ्या शहरात काम बघितलंय. गुरुवारी दोघं निघणार. बाळंतपणही तिकडेच. माझ्या नातवंडाचं तोंड मी बघणार नाही, असाच त्याचा अर्थ. "तुम्ही एकदा 'ये' म्हटलं असतं त्याला, तर थांबलो असतो," एवढं तिने सांगून पाठवलंय.

मी म्हणणार नाही. हिच्या आत्म्याला काय वाटेल?

३ डिसेंबर

हे नीट लिहायचं आहे.

आज दुपारी तो शेवटचा हिशोब आणि आपलं सामान न्यायला आला. शॉपच्या दारातून आत आला तेव्हा मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याच्या एका हातात जुना एप्रन, दुसऱ्यात डबा. तो डबा आमच्या दोघांच्या लग्नाच्या आधीपासूनचा, हिने त्याला दिलेला स्टीलचा. म्हणजे त्याच्या लग्नाच्या आधीपासूनचा. काय लिहितोय ते मला कळत नाहीये.

तीन नंबरवरच्या नव्या माणसाने अडकलेला तुकडा काढायला बोटं डायमध्ये, प्रेसच्या साच्यात, घातली आणि त्याचा पाय पेडलवर होता. मी ओरडलो, "हात!"

नव्या माणसाचे हात मागे आले. त्याच्या शेजारच्याचे आले. पूर्ण रांगेचे आले. हातातले पत्रे, पाने, फडकी, सगळं खाली. आणि दारात डबा पडला. त्याचं झाकण घरंगळत माझ्या बुटापर्यंत आलं. मी वर पाहिलं. जावई दारात उभा होता, दोन्ही पंजे उघडे, छातीशी.

मी ते आधी पाहिलेलं होतं. तेच पंजे, तसेच, तिथेच. खोडावर.

माझ्याकडे बघून माणसं आपापल्या कामाला लागली. प्रेस पुन्हा सुरू झाले. मी तिथेच उभा. माझेही दोन्ही हात छातीशी होते.

अंगणात त्याला गाठलं. तो डब्याला पडलेला पोचा अंगठ्याने दाबून बघत होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"तेव्हा नाही, बाबा. तेव्हा काहीच कळलं नाही. मला वाटलं मीच भित्रा. दोन-तीन दिवसांनी हातातून कप पडला, तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस? साहेबांना? तिला? सगळं शॉप तुझ्या तोंडावर..."

त्याने झाकण बसवायचा प्रयत्न केला. बसेना. "तिची आई गेली," तो म्हणाला. "म्हटलं, बाप तरी राहू दे."

आणि नमस्कार करून गेला.

मला त्याचा राग आला. हेही लिहितो. रडू यायला हवं होतं, आधी राग आला. एवढा मोठेपणा करायला याला कुणी सांगितलं होतं? मग रडू आलं. ही जाताना माझ्याकडे का बघत होती ते आता कळलं. ती मदत मागत नव्हती. तिने तो शब्द ऐकला होता. घरात नको म्हणाली होती ना.

आम्हा दोघांनाच माहीत आहे. तो बोलणार नाही, न बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. ते उद्या, गुरुवारी जातील. मी इथे बायको गमावलेला बिचारा माणूस म्हणून राहीन. लोक चहा पाजतील. हा विचार मनात आला आणि बराच वेळ बसून राहिला, हे लपवत नाही.

४ डिसेंबर

सकाळी गेलो. त्यांच्या जिन्यात दिवा नाही आणि माझा गुडघा धड नाही. दरवेळी जावई खाली येऊन "टेका, बाबा" म्हणत दंडाला धरून वर न्यायचा. आज एकटाच चढलो.

दार लेकीने उघडलं. मागे खोकी बांधलेली, पडदे काढलेले. मला बघून तिचा चेहरा एवढा उजळला की माझं धाडस निम्मं झालं. तिला वाटलं, मी "ये" म्हणायला आलोय.

"बाबा! आत या ना."

"आधी ऐक," मी म्हणालो. "तो म्हणतो सुटला. मी सगळ्यांना सांगितलं सोडला. दोन्ही खोटं आहे."

आतून जावई बाहेर आला. "बाबा, नका," म्हणाला.

"सोडवला," मी म्हणालो. "मी."

मग सगळं सांगितलं. तिला जास्त सांगावं लागलं नाही. पाण्याचा जग सांडला त्या दिवशी ती हसली होती, ते तिला आठवलं असणार. तिचा चेहरा हळूहळू विझत गेला. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. मग तिने मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. "एवढे दिवस तू हे एकट्याने..." एवढंच म्हणाली.

"साहेबांकडे आत्ता जातोय," मी म्हणालो. "मालकांकडेही. शॉपमध्ये सगळ्यांसमोर सांगतो."

"त्यांना आत तरी घे," जावई म्हणाला. "जिन्यात अंधार आहे."

ती दारातून हलली नाही. एक हात चौकटीवर, एक पोटावर. मग कठड्याला धरून खाली उतरलो. वरून दार लागल्याचा आवाज येईल म्हणून मी प्रत्येक पायरीवर थांबत होतो. खाली पोहोचेपर्यंत तो आवाज आला नाही. पण मागून मला कुणी हाकही मारली नाही.